पुलाचं अलीकडचं टोक

४ जून

ती. बाबांस,
सा. न.

अर्ज गेला! आज मधल्या सुट्टीत शाळेतून धावतच पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं, त्यावरचं "सैन्य अभिलेख दुरुस्ती मंडळ" वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोणासाठी?"

"बाबांसाठी. त्यांची हवालदारकी राहिली आहे."

"किती दिवस?"

"अठ्ठावीस वर्षं."

त्यांनी शिक्का जरा जोरातच मारला. मला वाटलं, चला, आपल्या बाजूला एक माणूस तरी आलं.

मंडळाने काही विचारलं तर तुम्हाला सांगता यावं, म्हणून मुद्दा पुन्हा लिहिते. तुमच्या सेवापुस्तकाची नक्कल मी मागवली होती. त्यात एकतीस वर्षांपूर्वीची लाल शाईची एकच नोंद आहे : "पुलाच्या पहाऱ्यावर असताना कर्तव्यात कसूर. कडक समज दिली." या एका ओळीमुळे तुमचं नाव हवालदारांच्या यादीतून गळलं आणि तुम्ही नाईक म्हणूनच घरी आलात. पण बाबा, अशा नोंदीखाली जवानाची सही घ्यावीच लागते, असा नियम आहे. तुमची सही नाही! म्हणजे तुम्हाला न विचारता, न सांगता कोणीतरी ती ओळ लिहिली. माझा सगळा अर्ज यावर उभा आहे.

कलम सात मात्र मी मनापासून लिहिलं आहे : "त्या दिवशी सकाळी मी पुलावरील माझी पहाऱ्याची जागा एक क्षणही सोडली नाही." नोटरीकडे तुम्ही चष्मा विसरलात आणि ते "वाचलंत ना?" म्हणाले तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं? "लेकीनं लिहिलंय, वाचायचं काय!" नोटरी हसले. मी रडायची बाकी होते.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात तुम्ही मागच्या रांगेत बसता आणि तुमच्या हाताखाली कवायत शिकलेली माणसं पुढे बसतात. मी सातवीत असल्यापासून ते बघते आहे. घरात पहिली पदवी माझी. तिचा पहिला खरा उपयोग हा.

आता एक साक्षीदार हवा. तुमच्या कंपनीच्या कचेरीत ते कारकून होते ना, ज्यांना सगळे "दौत" म्हणायचे? त्यांचा पत्ता असेल तर कळवा.

आईच्या गुडघ्याला शेक द्यायला सांगा.

तुमची,
पदवीधर


१५ जून

चि. वकीलसाहेब,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, पण तोंड ठीक चालतं, म्हणजे काळजी नको.

अर्ज एवढ्या घाईनं टाकशील असं वाटलं नव्हतं. तू म्हणालीस बघू, मी म्हटलं बघू. बघू म्हणजे माझ्या हिशेबी दोनेक वर्षं. आता हवालदार होऊन मी काय कुणाला कवायत शिकवणार आहे? आई तर मला साधा शिपाईसुद्धा मानत नाही.

मागच्या रांगेतून नीट दिसतं. वारापण लागतो.

दौतचा पत्ता नाही. तो कदाचित नसेलही आता. त्याला शोधण्यात वेळ घालवू नकोस. शाळेतल्या वह्या तपास.

आणखी एक. पाठवलेला अर्ज परत मागवता येतो का? सहज विचारतो. अगदीच येत नसेल तर कलम सात तेवढं काढता येईल का बघ. भाषा जरा जड झाली आहे. एक क्षणही वगैरे.

तुझा बाप


२२ जून

ती. बाबांस,
सा. न.

अर्ज परत मागवायचा नाही, आणि कलम सात तर मुळीच काढायचं नाही. तुम्ही कशाला घाबरता ते मला समजतं. तुम्ही आयुष्यभर "जी साहेब" म्हणत आलात. साहेबाने लिहिलेली ओळ खोटी म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून तर तुमच्या वतीने मी म्हणते आहे.

तुम्ही स्वतःच सांगितलं होतंत. मी विचारलं, "बाबा, पहाऱ्यावर झोपला होतात का?" तुम्ही हसलात आणि म्हणालात, "झोप? त्या पुलावर?" मला तेवढं पुरलं. बसच्या रांगेतलीही जागा न सोडणारा माणूस पहाऱ्याची जागा सोडेल?

मंडळाची पोच आली. सोबत छापील सूचना आहे : शपथपत्रात खोटं विधान आढळल्यास शिक्षा होईल व पेन्शन रोखलं जाईल. माझ्या खोलीवर राहणाऱ्या मुलींना मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. नर्स आहे ती म्हणाली, "बाई गं, वाचूनच पोटात गोळा येतो." मी म्हटलं, ज्याने काही केलंच नाही त्याच्या पोटात कशाला येईल?

आणि आनंदाची बातमी! दौतकाका आहेत. माजी सैनिकांच्या कार्यालयातून पत्ता मिळाला. मुलीकडे राहतात. मी कालच त्यांना पत्र टाकलं.

तुमची,
पदवीधर


३० जून

चि. बाळ,

ते थांबव.

मी तुला आजवर कधी हुकूम केला नाही. कॉलेजला जाऊ नको म्हटलं नाही, परगावी नोकरी नको म्हटलं नाही. हे एक सांगतो. त्यांना लिही की अर्जदाराची तब्येत बरी नाही, अर्ज मागे घेतो. आणि दौतला पुन्हा लिहू नकोस. जुन्या कागदांत हात घालू नये. काय चावेल सांगता येत नाही.

बाबा

(बाळे, मी आई. पाकीट बंद करायच्या आत लिहिते. ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. पोस्टमन दिसला की मागच्या दारी जातात. जेवण निम्म्यावर आलं आहे. काल कोणीतरी सरकारी गाडी आपल्या गल्लीत वळवत होतं, तर हे न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. मी म्हटलं, अहो, गाडी गेली. तर आतून म्हणतात, नक्की गेली? तू काय लिहितेस त्यांना? मला सांगत नाहीत. मला आता भीती वाटते.)


३ जुलै

महोदया,

आपले पत्र मिळाले. मला त्या काळातले काही आठवत नाही. माझे वय एकोणसत्तर आहे. मी मुलीच्या व जावयाच्या आश्रयाला राहतो. आपले पत्र जावयाने दारात घेतले, पाकिटावरचा मंडळाचा उल्लेख वाचला व ते माझ्यासमोर ठेवून "हे कसलं मंडळ?" असे विचारले. चुकून आले असेल, असे मी सांगितले.

कृपया पुन्हा लिहू नये.

आपला,
निवृत्त कंपनी कारकून


१४ जुलै

ती. दौतकाकांस,
सा. न.

तुम्ही लिहू नका म्हणालात तरी लिहिते आहे, क्षमा करा. पाकिटावर माझ्या शाळेचं नाव घातलं आहे, म्हणजे जावईबापू काही विचारणार नाहीत.

काका, तुम्हीही घाबरला आहात आणि बाबाही. आधी मला वाटलं, बाबांचा स्वभावच तसा. पण गेल्या रविवारी घरी जाऊन आले. मी अचानक दार वाजवलं तर आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ कोणी दार उघडेना. शेवटी बाबांनी फट करून पाहिलं. मी दिसल्यावर "तूच ना एकटी?" असं विचारलं. माझे बाबा, काका! तुम्ही त्यांना ओळखता. दिवसभर माझ्याशी एक वाक्य बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले, "सुनावणीत ते काय काय विचारतात?"

तुम्हा दोघांना कोणी धमकावतं आहे का? तो कोणी मोठा माणूस असेल तर मला सांगा. मी कुठेही जायला तयार आहे.

सुनावणी नऊ सप्टेंबरला आहे. मंडळाने कंपनीच्या जुन्या फायली मागवल्या आहेत. म्हणजे खरं काय ते तुमच्याकडून नाही आलं, तर कागदांतून येईल.

तुमची पुतणीच समजा,
नाईकांची मुलगी


२ ऑगस्ट

चि. मुली,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला एकोणीस दिवस लागले. त्यातले अठरा मी कागद फाडण्यात घालवले. घरात कोणी नसताना लिहितो आहे.

आम्हाला कोणी धमकावत नाही. तुझ्या बापाचं मला माहीत नाही, माझी भीती माझ्याच हातची आहे. ती लाल ओळ मी लिहिली, आणि चुकीच्या पुस्तकात लिहिली.

आमची पद्धत अशी होती. महिनाअखेरीला दहा-दहा सेवापुस्तकं यादीच्या क्रमाने लांब टेबलावर उघडी मांडायची. यादी डाव्या हातात धरायची आणि एका टोकापासून नोंदी करत जायचं. शाई वाळेपर्यंत पुस्तकं उघडीच ठेवायची. म्हणून प्रत्येक वेळी नाव बघायला पान कोण उलटणार? मी जागा मोजायचो. चौथं पुस्तक, पाचवं पुस्तक. त्या दिवशी पाचवं पुस्तक साहेबांनी रजेच्या नोंदीसाठी मागून नेलं. मोकळी जागा दिसली म्हणून शिपायाने पुढची पुस्तकं सरकवून रांग सारखी केली. मी चहा पिऊन आलो आणि पाचव्या जागेवरच्या पुस्तकात लाल शाईने लिहिलं. ते तुझ्या बापाचं होतं.

तो त्या वेळी तापाने इस्पितळात होता म्हणून सही राहिली. तीन महिन्यांनी, ज्याच्या पुस्तकात ती ओळ हवी होती ते चाळताना माझ्या लक्षात आलं. तोवर तुझ्या बापाचं पुस्तक वरच्या कचेरीत गेलं होतं. सांगितलं असतं तर माझ्याच पुस्तकात लाल ओळ आली असती. माझी बढती तोंडावर होती आणि घरी मुलगी नुकतीच झाली होती, तीच, जिच्याकडे आज राहतो. मी गप्प बसलो. दर वर्षी वाटायचं, तुझा बाप कचेरीत येऊन माझी गचांडी धरेल. तो कधी आलाच नाही. यादीतून नाव गळलं तेव्हासुद्धा नाही. त्याचं गप्प राहणं मला फार भिववायचं.

खरी गोष्ट अशी. पुलाच्या दोन टोकांना दोन पहारेकरी होते. छावणीच्या बाजूला, अलीकडच्या टोकाला, तुझा बाप. सकाळी दाट धुकं होतं. कॅप्टनसाहेब पलीकडून तपासणीला आले, तर पलीकडच्या टोकाचा गडी पोत्यांना टेकून झोपलेला. साहेबांनी दिलेला जबाब मीच टाइप केला होता, म्हणून शब्दाला शब्द सांगतो : "मी पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेलो. अलीकडच्या टोकावरून 'थांब, कोण आहे?' अशी खणखणीत हाक आली. तेथील पहारेकरी सावध असल्याची खात्री झाल्याने मी मागे फिरलो व झोपलेल्या जवानास ताब्यात घेऊन पलीकडच्या चौकीवर नेले."

तो जबाब जुन्या फायलीत असणारच. झोपणारा पुढे सुभेदार होऊन वारला, त्याचं आता कोणी काही करणार नाही. माझं काय करतील ते करोत. शपथपत्र सोबत जोडलं आहे. जावयाला अजून सांगितलेलं नाही. तेवढं धैर्य अजून गोळा होतं आहे.

तुझ्या बापाला सांग, दौत माफी मागतो.


६ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न.

बाबा, दौतकाकांचं पत्र आणि शपथपत्र, दोन्हींच्या नकला सोबत आहेत. आधी ते वाचा, मग माझं.

वाचलंत? तुमची हाक कागदावर आहे! एकतीस वर्षं कुठल्यातरी फायलीत "खणखणीत हाक" म्हणून पडून आहे. कलम सात लिहिताना माझ्याकडे पुरावा नव्हता, फक्त तुम्ही होतात. आता एका कॅप्टनचा जबाब आहे. आता तरी जेवा नीट. आता कोणाचीही गाडी गल्लीत येऊ दे.

तुमची,
पदवीधर


१७ ऑगस्ट

चि. बाळ,

हे पत्र एकटी असताना वाच. आईलाही हे मी काल पहिल्यांदा सांगितलं.

दौतचा कागद मी दहा वेळा वाचला. त्यात लिहिलंय ते खरं आहे. हाक मी दिली होती. पण त्यानंतरचं त्या कागदात नाही.

धुकं असं होतं की बंदुकीचं टोक दिसत नव्हतं. खाली नदीचा आवाज. त्या भागात आम्ही तीन महिने होतो आणि दर आठवड्याला कुठून तरी वाईट बातमी यायची. पलीकडच्या गड्याला मी दोनदा शीळ घातली, त्याने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, त्याला मारलं. मग पुलावर पावलं वाजली. एका माणसाची, सावकाश. फळ्या एकेक करून वाजत माझ्याकडे येत होत्या. मी हाक दिली. पावलं थांबली. उत्तर नाही. दिलं असेल तर नदीने खाल्लं. ते थांबणं मला सहन झालं नाही.

मी पळालो.

बंदूक पोत्यांना टेकवून ठेवली आणि पळालो. तीसुद्धा घेतली नाही. रस्त्याखाली पाण्याची मोरी होती, तिच्यात गुडघ्यात डोकं घालून बसलो. किती वेळ ते माहीत नाही. बदलीचा गडी दुरून गाणं म्हणत येताना ऐकू आला तेव्हा वर चढलो. बंदूक होती तिथेच होती. तो म्हणाला, "काय रे, ओला कशानं झालास?" मी म्हटलं, "धुक्यानं." तो ताप त्या पाण्याचा.

इस्पितळातून आलो तर कळलं, पलीकडचा गडी जिवंत आहे, कसल्याशा समजेवर सुटला. मी पुढे काही विचारलं नाही. विचारणारा पकडला जातो. दोन महिन्यांनी पुलापासून चार मैलांवर आपला ट्रक उडवला. दोन पोरं गेली. एकाला मी बूट बांधायला शिकवलं होतं. त्या दिवसापासून मला एकच वाटत आलं की पुलावरून आलेला माणूस तोच, आणि त्याला मी जाऊ दिलं. तीन वर्षांनी यादीत नाव नाही म्हणून साहेबांनी मला लाल ओळ दाखवली, तेव्हा मी सलाम ठोकून बाहेर आलो. म्हटलं, कुणीतरी बघितलं होतं तर. सही मागितली नाही, ही त्यांची दया. फार विचारलं तर ट्रकचंही निघेल. म्हणून मी दौतची गचांडी धरली नाही. म्हणून मागच्या रांगेत बसतो.

आज कळतं की तो कॅप्टन होता. अर्ध्यावरून मागे गेला. मी कुणालाच जाऊ दिलं नव्हतं. हे वाचून मी तुझ्या आईसमोर लहान पोरासारखा रडलो. ती म्हणाली, "एवढी वर्षं हे घेऊन शेजारी झोपत होतात?"

पण कलम सात खोटं आहे, बाळ. त्याखाली माझी सही आहे. आणि आता ते खोटं आहे हे सिद्ध करणारा जगात माझ्याशिवाय कोणी नाही. उलट ते खरं आहे असा कॅप्टनचा कागद आहे. सुनावणीत फक्त "होय" म्हणायचं. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण मी ते सहज म्हणेन.

बाबा


२३ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं पत्र मी शाळेच्या प्रयोगशाळेत कडी लावून वाचलं. घंटा झाली ती ऐकू आली नाही. मुली दार वाजवत राहिल्या.

तुम्हाला खरं सांगायचं तर, वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे : कोणाला कळणार आहे? मी, जी वर्गात मुलींना रोज खरेपणावर बोलते. मी तुमचं पत्र फाडून टाकावं का, असाही विचार केला. दोन दिवस ते उशाखाली होतं आणि खोलीतली नर्स चादर बदलायला आली की मीच बदलते म्हणून तिला परत पाठवायचे. तुम्ही न्हाणीघरात कडी लावून का बसलात ते मला आता कळतं. मी त्यावर हसले होते, आईने लिहिलं तेव्हा. क्षमा करा.

कलम सात तुमचं नाही, माझं आहे. तुम्ही काय केलंत हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. "झोपला होतात का" एवढंच विचारलं आणि तुम्ही कसे आहात ते मीच ठरवून टाइप केलं. तुम्ही "भाषा जड झाली" म्हणालात तेव्हाही मला ऐकू आलं नाही.

नर्सच्या ओळखीच्या वकीलबाईंना नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, निर्णयाआधी अर्जदाराने स्वतः दुरुस्ती केली तर सहसा शिक्षा करत नाहीत. सहसा. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा "सहसा" म्हटलं. बढतीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "ती विसरा." आणि गप्प राहिलं तर? "तर तुमचा अर्जदार हवालदार होईल."

दुरुस्तीचा कागद टाइप करून सोबत ठेवला आहे. नेलात तर नेलात. नाही नेलात तरी मी तुमचीच मुलगी आहे. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, म्हणजे ते खरं आहे.

मी रजा टाकली आहे. नऊ तारखेला येते.

तुमची


२९ ऑगस्ट

चि. बाळ,

येऊ नकोस. तू समोर बसलीस तर मी तुझ्याकडे बघून खोटं बोलेन.

बाबा


१० सप्टेंबर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

घरी पोचलो. अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे.

लांब खोली होती. टेबलामागे तिघं. मधले अध्यक्ष, उजवीकडे एक बाई, डावीकडे एक तरुण अधिकारी, त्याच्यापुढे आमच्या कंपनीची फाईल. तिची दोरी सुटत नव्हती. तो नखाने गाठ सोडवत होता आणि मला वाटत होतं, सुटू नये.

बाहेरच्या बाकावर दौत बसला होता! जावयाला घेऊन आला होता. चेहरा पार वाळलाय. मला बघून उभा राहिला आणि हात जोडायला लागला. मी त्याचे हात खाली केले.  जावई म्हणाला, "बसा हो दोघं, पाणी आणतो."

आत त्यांनी दौतला आधी घेतलं, मग मला. अध्यक्ष फार चांगले बोलले. म्हणाले, "नाईक, कॅप्टनचा जबाब मिळाला. नोंद चुकीच्या पुस्तकात गेली हे स्पष्ट आहे. तुमच्यावर अन्याय झाला. फक्त औपचारिकता म्हणून, शपथपत्रातला मजकूर तुम्हाला मान्य आहे ना?"

बघ, इतकं सोपं होतं. माझ्या तोंडात "होय साहेब" तयार होतं. चाळीस वर्षांची सवय. खिशातला तुझा कागद हाताला लागत होता. मागे दार उघडं होतं. मी दाराकडे बघितलंसुद्धा. मग म्हटलं, "कलम सात खोटं आहे, साहेब."

तरुण अधिकाऱ्याने मान वर केली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

अध्यक्ष म्हणाले, "नीट विचार करून बोला. काय खोटं आहे?"

मी सांगितलं. तुला लिहिलं तसंच, बंदुकीसकट.  मोरीतल्या पाण्यापर्यंत आलो, तर बाईंनी स्वतःचा पेला माझ्याकडे सरकवला.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "हे तुम्ही का सांगितलंत? आम्ही विचारलंही नव्हतं."

"कुणी विचारेल या भीतीतच एकतीस वर्षं गेली, साहेब. आता कुणी विचारणार नाही असं दिसलं, तर जास्त भीती वाटली."

त्यांनी तुझा कागद घेतला, माझी सही घेतली, निर्णय टपालाने कळेल म्हणाले. पेन्शनचं काही बोलले नाहीत. मी विचारायला धजलो नाही.

बाहेर दौतला सांगितलं, तर तो माझ्या अंगावरच आला. "अरे येड्या! तुला मोकळं करायला मी जावयासमोर स्वतःची अब्रू काढली, आणि तू आत जाऊन स्वतःलाच अडकवून आलास?" जावई त्याला आवरतोय आणि तो ओरडतोय. मग एकाएकी बाकावर बसला आणि म्हणाला, "म्हणून तू गचांडी धरली नाहीस होय." आणि कपाळावर हात मारून घेतला. बराच वेळ आम्ही तिथे बसलो होतो. कार्यालय बंद करायला शिपाई आला तेव्हा उठलो.

आता निकाल येईपर्यंत काय होईल ते होईल. भीती आहेच. पेन्शन गेलं तर आईचं औषध, घर, सगळं डोळ्यापुढे येतं. पण ही भीती आईला सांगता येते. ती ऐकते आणि शिव्या देते.

तुझा बाप


२१ ऑक्टोबर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

निकाल आला. पाकीट मी हातात घेतलं पण फाडता येईना. आईने सरळ फाडलं, आतल्या कागदाचा कोपराही फाटला, आणि वाचायला मला दिलं. तिसऱ्या ओळीपर्यंत मला अक्षरंच लागेनात.

लाल शाईची नोंद रद्द. शपथपत्राबाबत कारवाई नाही. पेन्शन चालू. बढतीची मागणी अमान्य : "अर्जदाराने स्वतः दिलेल्या कबुलीनुसार संबंधित दिवशी त्याने पहाऱ्याची जागा सोडली होती." दौतला लेखी ताकीद. त्याच्या जावयाने ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली म्हणे आणि मग दोघं हसले.

आई म्हणाली, "म्हणजे एवढं करून काहीच नाही?"

मी म्हटलं, "अगं, लाल शाई गेली."

"ती मला कधी दिसलीच नव्हती," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने बघतो तर चुलीजवळ पदराने डोळे पुसत होती.

तू वाईट वाटून घेशील, म्हणून सांगतो. मी आजवर नाईक होतो तो दौतच्या चुकीमुळे. आता नाईक आहे तो माझ्या कबुलीमुळे. पद तेच आहे, पण कालपासून मला कुणी "नाईक" म्हटलं की मी दचकत नाही.

एक राहिलं. निकालाच्या तळाला छापलंय की साठ दिवसांत पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. सत्तावीस वर्षांचा जवान एका सकाळी घाबरला, पण पुढे अठरा वर्षं त्याने एकही पहारा चुकवला नाही, याचं काही वजन असतं का, हे त्यांना विचारावं असं मला वाटतं. मिळेल असं नाही. पण विचारावं वाटतं. तू लगेच कागद घेऊन बसू नकोस. मी दोन पानं लिहून काढली आहेत, खोडाखोड फार आहे. पुढच्या रविवारी ये. मी सांगेन तसं, तेवढंच टाइप कर.

तुझा बाप,
नाईक (निवृत्त)